फारसं न वापरलेलं नाव

कफार हसिदा,
मंगळवार, ६ डिसेंबर १९९४

ताई,

गेल्या बुधवारी सकाळी मी एक काम केलं. ते आधी सांगतो, बाकीचं मागून. प्रार्थना आटोपली, कोंबड्यांचं दाणापाणी झालं आणि मी आईच्या खोलीत गेलो. दहा वाजता जेरुसलेमहून कागदपत्रांच्या संग्रहालयाची बाई यायची होती. आईच्या पलंगाखालची पत्र्याची पेटी ती घेऊन जाणार होती. मी पेटी ओढून उघडली. तळाशी बुटाच्या नाडीनं बांधलेलं एक पुडकं होतं. ते काढून सदऱ्याच्या आत घातलं, चालत सिनेगॉगला गेलो आणि मागच्या भिंतीतल्या गनीझाच्या पेटीत टाकून आलो.

तू हे सगळं सोडून पस्तीस वर्षं झाली, म्हणून आठवण करून देतो. फाटलेले प्रार्थनाग्रंथ, देवाचं नाव असलेले जुने कागद आपण जाळत नाही, फेकत नाही. गनीझात ठेवतो, आणि ती भरली की सगळं कबरस्तानात नेऊन पुरतो. त्या पुडक्यातल्या प्रत्येक कागदाच्या माथ्यावर 'देवाच्या कृपेनं' लिहिलेलं होतं. नसतं तर चुलीत घातलं असतं.

म्हणजे आई गेली. हे वाक्य खरं तर सर्वांत आधी यायला हवं होतं. ११ ऑक्टोबरला, दुपारी. त्रास झाला नाही. मी तार केली होती. तुझ्याकडे माँतेव्हिदेओपर्यंत ती पोचली नसेल. टपालाचं काय सांगावं.

संग्रहालयाची बाई वयानं लहान आहे, नामा अबुतबूल नाव. पांढरे सुती हातमोजे घालून तिनं आईच्या टेबलावर एकेक कागद मांडला. युद्धानंतरच्या निर्वासितांच्या छावणीचं ओळखपत्र, बाबांचा कझाकस्तानातला मजुरीचा दाखला, माझ्या जन्माची चिठ्ठी, तुझी शाळेची वही. माझी बायको दीना चहा घेऊन आली तर नामा म्हणाली, "वहिनी, कप तिकडे खिडकीत ठेवा. या कागदांनी हिटलर पचवलाय, पण चहा नाही पचणार."

दीना हसली. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच.

"आणि यिद्दिशमध्ये आल्तेर म्हणजे तर म्हातारा," नामा मला म्हणाली. "आईनं मुलाचं नाव म्हातारा ठेवलं?"

"लहानपणी फार आजारी होतो," मी म्हणालो. "मृत्यू बाळाला न्यायला आला तर त्याला वाटावं, इथे म्हातारा आहे, म्हणून ठेवतात. खरं नाव हानोख. पण त्या नावानं मला कोणी हाक मारली नाही."

आईनं तर कधीच नाही. तुला आठवत असेल.

त्या पुडक्यातलं मी एकच पान वाचलं होतं, तेही अर्धं. घरगुती कागद होते. लोकांनी वाचावेत असे नव्हते. तुला त्यांच्याबद्दल काही माहीत असेल तर लिही. नसेल तर राहू दे.

तुझा भाऊ,
आल्तेर

•

कफार हसिदा,
मंगळवार, १० जानेवारी १९९५

ताई,

तार केली नव्हती.

हे लिहायला महिना लागला. मी पोस्टात गेलो होतो, फॉर्म घेतला होता, तुझा पत्ताही लिहिला होता. मग मनात आलं, तू येशील. सात दिवसांच्या सुतकात सगळ्या गावासमोर रिवाजाप्रमाणे चादरीनं झाकलेल्या आईच्या आरशासमोर बसशील, आणि लोक तुझं सांत्वन करतील. मला ते सहन झालं नसतं. फॉर्म खिशात घालून परत आलो. बाबा गेले तेव्हा, बहात्तर साली, मी तुला जे लिहिलं होतं त्यातला शब्द न् शब्द मला पाठ आहे. 'म्हाताऱ्या आईला टाकून जाणारी आमची कोणी लागत नाही.' तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो, म्हणजे ती काही सबब नाही.

आणि आईला त्रास झाला. तीन दिवस. ती कुणाशी तरी बोलत होती, म्हणत होती, "गाडी चुकली, गाडी चुकली." आम्हाला वाटलं, भ्रम.

आता पुढचं. गेल्या गुरुवारी नामाचा फोन आला.

"तुमच्या आईनं यादी केली होती, ठाऊक होतं तुम्हाला?"

"कसली यादी?"

"पेटीत काय काय आहे त्याची. झाकणाच्या अस्तराच्या आत होती. छत्तीस नोंदी, बाईंचं काम इतकं चोख की मी माझ्या माणसांना दाखवलं. पस्तीस वस्तू मिळाल्या. बाविसावी नाही."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"वाचून दाखवते. 'अकरा पत्रं. माझा भाऊ हानोख याची. १९४७ ते १९४९.' खाली तारीख आहे गेल्या जूनची. आल्तेर, तुम्हाला मामा होता?"

ताई, दरवर्षी तेवेत महिन्याच्या दहाव्या दिवशी आपल्या घरी मेलेल्यांची नावं घेतली जायची. ज्यांच्या मरणाची तारीख कुणालाच माहीत नाही, त्यांच्यासाठीचा तो दिवस. आजोबा, आजी, तिन्ही मावश्या. मीच कद्दिश, मेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हणत आलो, बाबांनंतर तेवीस वर्षं. त्या नावांत हानोख कधी नव्हता. मला वाटायचं, माझं नाव कुणा पणजोबाचं असेल.

आणि मी पुडकं तर पुरायला टाकलं होतं.

झुंडेलकडे धावलो. हो, तोच झुंडेल, सिनेगॉगच्या किल्ल्या अजून त्याच्याकडेच आहेत. त्र्याऐंशी वर्षांचा झालाय. व्हरांड्यात संत्री सोलत बसला होता.

"गनीझात माझं एक पुडकं पडलंय."

"पडलं की टाकलंस?"

"टाकलं."

"मग ते मेलं. मेलेल्यांना उठवायचं काम मसीहाचं. तो आला की त्याच्याकडे अर्ज कर."

"झुंडेल, थट्टा नको. पुरायचं कधी आहे?"

"रविवारी. खड्डा खणून तयार आहे. चाळीस वर्षं किल्ली सांभाळतोय, टाकायला सगळे येतात. परत मागायला आलेला तू पहिलाच गाढव." मग माझ्या तोंडाकडे पाहून त्यानं संत्रं खाली ठेवलं. "आईचं आहे?"

"हो."

"चल. पण वाकायचं तू. माझी पाठ गेली."

पेटी काठोकाठ भरली होती. मी एकेक फाटका ग्रंथ काढून देत होतो, झुंडेल प्रत्येकाला ओठ लावून बाकावर ठेवत होता. पुडकं हाती लागलं तेव्हा त्यानं नाडी पाहिली आणि म्हणाला, "हानोखची पत्रं."

तो आपल्याच छावणीत होता, हे मी विसरलोच होतो. त्याला सगळं माहीत होतं. गावातल्या सगळ्या जुन्या माणसांना माहीत होतं, ताई. बेचाळीस सालापासून कुणाचं काय झालं ते एकमेकांना विचारायचं नाही, एवढाच त्यांचा करार होता.

"तू आजारी वगैरे काही नव्हतास," झुंडेल म्हणाला. "गुबगुबीत होतास, वासरासारखा. तुझ्या आईला गावच्या माणसानं येऊन सांगितलं होतं, तुझा भाऊही खड्ड्यात गेला, मी डोळ्यांनी पाहिलं. तिनं तुला त्याचं नाव ठेवलं. पाच महिन्यांनी त्याचं पत्र आलं."

तुला वेगळं सांगायला नको. आपण जिवंत माणसाचं नाव बाळाला ठेवत नाही. ठेवलं तर त्याचं आयुष्य काढून घेतल्यासारखं होतं. आणि त्याच नावाची दोन माणसं एका छपराखाली आली, तर न्यायला येणारा चुकतो, कुणाला नेतोय ते बघत नाही. आईचा यावर विश्वास होता. मी हसत नाही. माझाही थोडा आहे.

"ती रब्बीकडे गेली होती," झुंडेल म्हणाला. "रब्बीनं सांगितलं, बाळाला दुसरं नाव जोड, आणि उद्याच्या पहिल्या गाडीनं भावाकडे जा. तिनं अर्धंच ऐकलं."

मी रोज एकच पत्र वाचतो, सकाळच्या प्रार्थनेनंतर. त्याहून जास्त झेपत नाही. चार झाली. मामा बव्हेरियात क्षयरोग्यांच्या इस्पितळात होता, अठरा-एकोणीस वर्षांचा. जिवंत राहिलेल्यांच्या यादीत त्याला आईचं नाव दिसलं. आई त्याच्याहून सोळा वर्षांनी मोठी, तिनंच त्याला वाढवलेलं. लिहितो: 'ब्राइन्डलताई, मी वाचलो. कसा ते भेटल्यावर सांगीन, लिहिण्यासारखं नाही. मुलगा झाला म्हणे तुला. नाव काय ठेवलंस?' आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी, चारही पत्रांत, हेच: 'तुमच्याकडून सकाळी सात दहाची गाडी आहे. एकदाच बदलावी लागते. दुपारी एकला इथे पोचशील. मी फाटकाशी उभा राहीन.'

एकाही पत्रात आईच्या उत्तराचा उल्लेख नाही.

छावणीतल्या टपालाच्या खिडकीवरून पत्रं आणायला तू जायचीस, असं झुंडेल म्हणतो. तू नऊ वर्षांची होतीस. खरं आहे का?

आल्तेर

•

कफार हसिदा,
बुधवार, २५ जानेवारी १९९५

ताई,

माझं पहिलं पत्र परत आलं. न उघडता. पाकिटावर एक आडवी रेघ आणि स्पॅनिश शब्द, तो मी गावातल्या शाळेच्या शिक्षिकेकडून वाचून घेतला. 'नाकारलं.' दुसरंही येईल असं दिसतं. तरी हे लिहितो, कारण यात तुझ्या मालकीची एक गोष्ट आहे आणि ती माझ्याजवळ ठेवायचा मला अधिकार नाही.

शनिवारी शब्बात उलटल्यावर मी फोनही केला. नंबर जुना, पण लागला. कुणी तरी उचलला. मी तीनदा 'पेर्ला' म्हणालो, मग यिद्दिशमध्ये म्हणालो, "मी आहे, धाकटा." पलीकडे श्वास ऐकू येत होता. मग फोन ठेवला गेला. तो श्वास तुझा होता की तुझ्या मुलीचा, मला कळायला मार्ग नाही. तुझा श्वास मी ऐकून पस्तीस वर्षं झाली.

दहावं पत्र मी इथे उतरवून देतो. सगळं नाही, लागेल तेवढं.

'देवाच्या कृपेनं. ब्राइन्डलताई, मला तुझ्या पेर्लाचं पत्र आलं. अक्षर कोंबडीचे पाय उमटल्यासारखं आहे, पण मजकूर स्वच्छ आहे. ती म्हणते, "मामा, आई येत नाही कारण बाळाला तुझं नाव दिलंय. तिला वाटतं आली तर तू मरशील. मी एकटी आले असते, पण गाडीत कुठे बदलायचं ते मला कळत नाही." दोन वर्षं मी समजत होतो की तुला माझी किळस आली. रोगाची, किंवा मी ज्या रीतीनं वाचलो त्याची. आता रात्री झोप लागते. वेडे, यासाठी दोन वर्षं? बाळाला सांग, नाव खुशाल ठेव. वीसच वर्षं वापरलंय, त्यातली सहा तर मला कुणी नावानं हाकच मारली नाही. म्हणजे जवळजवळ नवंच आहे. पेर्लावर रागावू नकोस. इतक्या दिवसांत माझ्याशी खरं बोललेली ती एकटीच. तिला सांग, मामानं तुझं पत्र उशाखाली ठेवलंय. गाडीची वेळ बदललीय, आता सात चाळीसची आहे. डॉक्टर म्हणतात, लवकर ये.'

अकरावं पत्र मामाचं नाही. नर्सचं आहे, चार ओळींचं. शेवात महिन्याच्या बाविसाव्या दिवशी गेला. दहाव्या पत्रानंतर नऊ दिवसांनी. पाकिटात तुझं पत्रही आहे, रेघांच्या वहीच्या पानावरचं. कोपरे झिजून गोल झालेत. उशाखाली होतं ते खरं.

तू घर सोडून गेलीस त्या दिवशी मी बारा वर्षांचा होतो, अंगणात होतो. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला: "एकदा तोंड उघडलंस आणि माणूस गेला! आता जा, कुठे जायचं तिथे!" मला वाटलं, बाबांच्या एखाद्या मित्राबद्दल असेल. इतकी वर्षं मी तुला आईला टाकून गेलेली समजत होतो. आता कळतं की आईनं तुला दहा वर्षांची असल्यापासून सांगून ठेवलं होतं की मामाला तू मारलंस. त्याला नाव कळलं आणि तो गेला. आणि मामानं काय लिहिलं होतं, ते तिनं तुला दाखवलं नाही. बुटाच्या नाडीनं बांधून पलंगाखाली ठेवलं, आणि त्यावर पंचेचाळीस वर्षं झोपली.

का, ते मी स्वतःला रोज विचारतो. आई दुष्ट नव्हती. तुला दोष दिला नसता तर तिला एकच माणूस उरत होता दोष द्यायला, ती स्वतः. दोन उरले असते, मी धरून. माझ्या बाजूला तिनं बोट कधी नेलं नाही. फक्त हाक मारली नाही.

परवा बाविसावा शेवात होता. मी मामासाठी कद्दिश म्हणालो, त्याच्यासाठी म्हटलेलं पहिलंच. झुंडेल शेजारी उभा होता. 'आमेन' म्हणताना त्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "उशीर झाला म्हणून देव तिकडे व्याज लावत नाही." मग थोडं चालल्यावर म्हणाला, "असं म्हणायचं असतं म्हणून म्हणतो."

ताई, एवढं वाचलंस तरी पुरे. उत्तर नको.

आ.

•

जेरुसलेम,
मंगळवार, ९ मे १९९५

ताई,

हे पेन्सिलीनं लिहितोय. इथे वाचनाच्या खोलीत शाई चालत नाही, पेन दारातच काढून घेतात.

दुसरं पत्र मार्चमध्ये परत आलं, तिसरं वल्हांडण सणाच्या आदल्या आठवड्यात. तीच रेघ, तोच शब्द. तिसऱ्यावर रेघ दोनदा ओढलीय. मी राग धरत नाही. न उघडलेल्या पत्राचं वजन हातात कसं लागतं ते मला आता माहीत आहे. मामाला तेवढंही मिळालं नव्हतं. त्याची पत्रं तरी कुणी परत पाठवली नाहीत, आणि त्यामुळेच तो दोन वर्षं फाटकाशी उभा राहिला. तू माझ्यावर एवढी मेहेरबानी केलीस.

दीना म्हणाली, "विमानानं जा ना. दारात उभं राहा." मी पासपोर्टचे फोटोही काढून आणले. मग विचार केला: दार उघडायचं की नाही ते ठरवण्याचा एवढा एकच हक्क आपण तिच्याजवळ ठेवलाय. तोही जाऊन मोडायचा का? की ही माझी सबब आहे, गाडीत न बसण्याची? आईच्या घराण्यातला आहे मी. मला खात्री नाही. चार महिने या प्रश्नाशी बसलो, प्रार्थनेतही तोच यायचा. वरून काही सांगणं आलं नाही.

आज सकाळी सहाच्या बसनं पुडकं घेऊन इथे आलो. नामानं हातमोजे घातले, नाडी सोडली, अकराही पत्रं मोजली आणि यादीतल्या बाविसाव्या नोंदीपुढे खूण केली. मग म्हणाली, "बाई मोजूनच गेल्या होत्या. तुम्ही लपवाल हेही त्यांना ठाऊक असणार."

"वाटतं तुला?"

"जाळायला त्यांना पन्नास वर्षं होती, आल्तेर. त्यांनी नंबर घातला."

ज्यांच्यासमोर आईला बोलता आलं नाही, त्यांच्यासाठी तिनं एक नंबर घातला. त्याहून जास्त तिच्याच्यानं झालं नाही.

फॉर्म चार पानी होता. शेवटच्या पानावर विचारतात, कागद वाचकांना खुले ठेवायचे की बंद. पन्नास वर्षंही बंद ठेवता येतात. नामा म्हणाली, "खुले ठेवलेत तर कुणीही वाचेल. नातवंडं, शिकणारी मुलं, अनोळखी माणसं. आईबद्दल चांगलं मत होणार नाही त्यांचं. परत घरी नेऊन विचार करा हवं तर."

नोव्हेंबरात मी ज्या कारणानं पुडकं गनीझात टाकलं, ते कारण अजून माझ्याजवळ आहे. ती माझी आई होती. तीन दिवस तिचा हात माझ्या हातात होता.

मग मी माझी तीन पत्रं पिशवीतून काढून टेबलावर ठेवली.

"ही काय?" नामानं विचारलं. "ही तर बंदच आहेत."

"त्याच संग्रहातली आहेत. बहिणीला लिहिलेली."

"उघडू?"

"नको. जिच्या नावाची आहेत तिनं उघडावीत. ती किंवा तिची मुलं."

"आणि कोणीच आलं नाही तर?"

"तर तशीच राहू देत."

तिनं पाकिटं उलटून पालटून पाहिली. बाहेर 'पेर्ला आली तरच' असं लिहून ती वेगळ्या पुठ्ठ्यात घातली. एवढी पत्रं हाताखालून गेलेली बाई, पण खिडकीकडे तोंड करून तिनं नाक पुसलं. "बंद पाकिटांची आमच्याकडे वेगळी फडताळंच आहेत," ती म्हणाली. "दोन. दुसरंही भरत आलंय."

तू येशील असं मला वाटत नाही. सत्तावन्न वर्षांची आहेस. ज्या गोष्टीचा दोष घेऊन जगलीस तिच्या अवतीभोवती घर, संसार, दुसरी भाषा उभी केलीस. आता कुणी सांगितलं की तो दोष तुझा नव्हताच, मामा हसत गेला, तर त्या इतक्या वर्षांचं करायचं काय? ती तर परत मिळणार नाहीत. कदाचित पाकिटात काय आहे ते तू ओळखलंसच, आणि म्हणूनच रेघ दोनदा ओढलीस.

तरी लिहून ठेवतो. हे पत्र मी टाकणार नाही, ते थेट पुठ्ठ्यात जाईल. विमानतळावरून जेरुसलेमला थेट बस आहे, मध्ये बदलावी लागत नाही. संग्रहालय रविवार ते गुरुवार, सकाळी नऊ ते चार उघडं असतं. खिडकीवर फक्त ब्राइन्डलचं नाव सांगायचं आणि बाविसावी नोंद मागायची. तुझं रेघांच्या वहीचं पान दहाव्या पत्राला लागून आहे, त्यांची ताटातूट करायची नाही असं मी लिहून घेतलंय.

फॉर्मवर मी 'खुलं' या शब्दाभोवती गोल केला. एक वेगळा कागदही भरून दिला, मामाचा: नाव, जन्माचं गाव, मरणाची जागा, बावीस शेवात. 'कसा वाचला' या रकान्यात लिहिलं, 'भेटल्यावर सांगणार होता.' माहिती देणाऱ्याच्या जागी सही करताना हात सवयीनं आल्तेरकडे वळला. नामा पाहत होती. मी पेन्सिल उचलली, पुन्हा टेकवली, आणि सही केली.

हानोख